पडण्याची भीती, दुखरे गुडघे आणि खुर्चीतली विश्रांती

वाचकाचे पत्र : माझे वय ६८ वर्षे आहे. चिपळूणजवळच्या गावात मी आणि यजमान असे दोघेच राहतो. ज्येष्ठात एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावून, हातात तबक घेऊन वळताना माझा तोल गेला आणि मी माजघरातच पडले. फरशी कोरडी होती, चक्करही आलेली नव्हती. हाड मोडले नाही, पण यजमानांनी आणि शेजारणीने मिळून उचलेपर्यंत मला उठता आले नाही. दोन्ही गुडघे चार-पाच वर्षांपासून दुखतात, उजवा जास्त. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी झीज झाल्याचे सांगितले आणि मांडी घालून बसणे बंद करायला सांगितले. पडल्यापासून अंगणात उतरायच्या चिऱ्याच्या पायऱ्यांची भीती वाटते. मुंबईचा मुलगा रोज फोनवर बजावतो, "आई, खुर्चीतून उठू नकोस, सगळ्या कामाला बाई लाव." शेजारीण म्हणते, ड जीवनसत्त्वाचे मोठे इंजेक्शन घेतले की पायांत बळ येईल. काठी घ्यायची तर संकोच वाटतो. मी रक्तदाबाची गोळी घेते आणि बायफोकल चष्मा वापरते. मी चालावे, की गुडघे जपावेत?

ताई, सप्रेम नमस्कार.

गुडघे जपायचे असतील तर आपल्याला हालचाल वाढवावी लागेल. मात्र कोणती हालचाल, किती आणि कशाच्या आधाराने, हे नीट ठरवून. आपल्या मुलाचा सल्ला काळजीतून आलेला आहे याबद्दल मला शंका नाही, पण त्याचा परिणाम त्याला हवा आहे त्याच्या उलट होईल. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटला. खुर्चीत बसणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, हे खरे. परंतु महिनोन्‌महिने खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे पाय हळूहळू त्याच वाटेने जातात, आणि पुढच्या वेळी तोल गेला की सावरायला लागणारे बळ नेमके तेव्हाच कमी पडते.

त्याआधी एक तपासणी करून घ्यावी अशी विनंती आहे. चक्कर आली नव्हती असे आपण लिहिले आहे, तरीही रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे डॉक्टरांना आपला रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजायला सांगा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलण्याचा विचार डॉक्टर करतील; आपण स्वतः गोळी बंद करू नये. झोपेची एखादी गोळी घेत असाल तर तेही सांगा, कारण अशा औषधांनी पडण्याचा धोका निश्चित वाढतो. आपल्या वयात हाडांची घनता मोजून घेणेही योग्य ठरेल.

आता आपल्या पडण्याकडे येऊ, कारण आपण केलेले वर्णन फार मोलाचे आहे. वयस्कर माणूस पडला की घरचे लोक "पाय घसरला असेल" असे धरून चालतात आणि पडलेल्या माणसालाही बऱ्याचदा नेमके आठवत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्टीफन रॉबिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वृद्धनिवासांच्या सामाईक जागांत कॅमेरे बसवून १३० जणांच्या पडण्याच्या २२७ घटना प्रत्यक्ष चित्रणावरून अभ्यासल्या आणि २०१३ साली त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांत ४१ टक्के घटनांचे कारण एकच होते : उभे असताना, वळताना किंवा बसताना शरीराचे वजन चुकीच्या रीतीने सरकले आणि पाऊल त्याखाली वेळेवर आले नाही. अडखळण्याचे प्रमाण २१ टक्के होते आणि घसरण्याचे त्याहून पुष्कळच कमी. ही निरीक्षणे वृद्धनिवासातल्या कोरड्या फरशीवरची आहेत, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीला ती जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. मात्र आपण पडलात त्या संध्याकाळी फरशी कोरडीच होती, आणि आपण वळत होतात.

वळण्याची क्रिया दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. साध्या चालण्यातसुद्धा सुमारे चार-पंचमांश वेळ आपले सगळे शरीर एकाच पायावर तोललेले असते. वळताना त्यात कमरेची पिळवट येते, एक पाय दुसऱ्याला आडवा येण्याची शक्यता असते आणि डोक्याबरोबर नजरही फिरते. आपल्या दोन्ही हातांत तबक होते, म्हणजे आधाराला हात मोकळा नव्हता. लक्ष ज्योत विझू नये याकडे होते. आणि उजवा गुडघा दुखतो म्हणून वजन बहुधा डाव्या पायावर अडकून राहिले असावे. हा शेवटचा भाग माझा अंदाज आहे, पण आपल्यासारख्या गुडघ्यांच्या बाबतीत तो फारसा चुकत नाही. यापुढे एका जागी टाच फिरवून वळू नका. लहान लहान तीन-चार पावले टाकत, अर्धवर्तुळात फिरल्यासारखे वळा, आणि तबक आधी चौरंगावर ठेवून मगच मागे फिरा.

लक्षाचा मुद्दा निघाला आहे म्हणून आणखी एक सांगतो. तो आपल्या घरातल्या रोजच्या एका सवयीशी जोडलेला आहे. स्वीडनमधील उमेओ येथील संशोधकांनी १९९७ साली एक अगदी साधी गोष्ट नोंदवली. निवासातील ५८ वृद्धांबरोबर चालता चालता त्यांनी बोलणे सुरू केले, तेव्हा १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. तोल सांभाळण्याचे काम जेव्हा आपोआप होईनासे होते, तेव्हा त्यासाठी लक्ष खर्ची पडू लागते आणि मग दुसऱ्या कामाला ते पुरत नाही. म्हणून मुलाचा फोन वाजला की धावत जाऊन उचलू नका आणि चालत बोलू नका. बसून घ्या, मग बोला. त्यालाही सांगून ठेवा की आईने उचलला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा करावा.

गुडघ्यांच्या दुखण्याविषयी आपल्या मनात जी धास्ती बसली आहे तिचे मूळ 'झीज' या एका शब्दात असावे असे पत्र वाचताना जाणवले. झीज झाली म्हटले की माणसाला वाटते, प्रत्येक पावलागणिक सांधा आणखी घासला जातो आहे. प्रत्यक्षात सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या वेदनावाहक नसा नसतात. दुखते ते तिच्या खालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालचे स्नायू व स्नायुबंध. एक्स-रेमध्ये बरीच झीज दिसूनही विनातक्रार चालणारे लोक आहेत आणि थोड्याशा झिजेने बेजार झालेलेही आहेत. एक्स-रेवरून आपल्या गुडघ्याने किती काम करावे हे ठरवता येत नाही.

पायऱ्या उतरतानाच जास्त का दुखते, याचे उत्तर मात्र मोजमापातून मिळालेले आहे. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम गुडघा बसवलेल्या काही रुग्णांच्या सांध्यातच भार मोजणारी यंत्रणा ठेवली. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो आणि जिना उतरताना तो साडेतीन पटींच्या जवळ जातो, असे त्यांत दिसले. म्हणजे पायरी उतरताना होणारी कळ ही सांधा मोडत असल्याची खूण नसून जास्त भार आल्याची खूण आहे, आणि तो भार वाटून घेता येतो. सध्या एका पायरीवर दोन्ही पाय आणत उतरा. चढताना बरा पाय आधी वर ठेवा, उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवा. कठडा असेल तर तो धरा. नसेल तर तो बसवून घेणे हे या घरातले सर्वांत तातडीचे काम आहे.

दुखणे आणि पडणे या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, हे आपल्याला पटवून द्यावेसे वाटते. दुखू लागले की शरीर ते काम नुसते कमी करत नाही, ते वेगळ्या रीतीने वाटून टाकते. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कायली टकर यांनी २०११ साली हा विचार सविस्तर मांडला. एक स्नायू गप्प होतो, दुसरा जास्त ताणला जातो, पाऊल आखूड पडते, कंबर ताठ राहते. पहिले काही दिवस ही तडजोड संरक्षण देते, पण वर्षानुवर्षे चालू राहिली तर तिचीच किंमत मोजावी लागते. गुडघ्याला सूज असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञा मज्जासंस्थेकडूनच दबली जाते, आणि मग "गुडघा एकदम सुटल्यासारखा झाला" असा अनुभव येतो. त्यावर भीतीची भर पडते. प्रयोगशाळेत उंच चौथऱ्याच्या कडेशी उभ्या केलेल्या माणसांचे घोटे आणि अंग आखडून जाते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. आपल्या पायऱ्यांपाशी आपले हेच होत असणार. आखडलेल्या शरीराला चटकन पाऊल टाकता येत नाही, आणि तोल गेल्यावर वाचवते ते चटकन टाकलेले पाऊलच.

म्हणून व्यायाम. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो सुशिक्षित घरांतही सर्रास आढळतो : नुसते सकाळ-संध्याकाळ चालल्याने पडणे कमी होते असे सिद्ध झालेले नाही. चालणे हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी उत्तम आहे आणि आपण ते अवश्य करावे; पण तोल सुधारायचा असेल तर तोलालाच आव्हान द्यावे लागते. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ सालच्या आढाव्यात २५ देशांतील १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक वृद्ध यांचा एकत्रित विचार केला गेला. व्यायाम करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी कमी होते, आणि जेथे तोलाचे व रोजच्या कामांसारखे व्यायाम यांना स्नायूंच्या बळाच्या व्यायामांची जोड होती तेथे ही घट ३४ टक्क्यांच्या आसपास होती. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने तर ८० वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी घरच्या घरी करायचा असा कार्यक्रम १९९०च्या दशकात तयार करून त्याचा उपयोग दाखवून दिला. आपण त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण आहात.

सुरुवात एका मोजणीने करा. हात नसलेली, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घालून तिच्यावर बसा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते यजमानांना मोजायला सांगा. आपल्या वयोगटातील स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा जमले तर पायांचे बळ सरासरीपेक्षा कमी आहे असे मानतात. हाताचा आधार घ्यावाच लागला तर त्या दिवसाचा आकडा शून्य लिहा आणि मुळीच खट्टू होऊ नका. तारीख घालून तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

हीच क्रिया आपला पहिला व्यायाम आहे. जमत नसेल तर खुर्चीवर घडी घातलेली चादर ठेवून बैठक उंच करा; आठवड्या-दोन आठवड्यांनी चादर काढा. दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा वेळा, आणि बसताना धपकन न बसता तीन अंक मोजत सावकाश खाली या, कारण पायरी उतरताना स्नायूला नेमके हेच काम करावे लागते. स्वयंपाकघराच्या ओट्याला बोटे टेकवून चवड्यांवर उंच होणे आणि सावकाश टाचा टेकवणे हा दुसरा. त्याच ओट्यालगत एका बाजूने आडवी पावले टाकत जाणे आणि परत येणे हा तिसरा. बाजूला पाऊल टाकण्याची ही ताकद खुब्याच्या बाहेरच्या स्नायूतून येते आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्यापुढे टेकवून दहा सेकंद उभे राहा. हे जमू लागले की ओट्यावरचे बोट उचला, पण हात जवळच ठेवा. थोडे डळमळले पाहिजे. मुळीच डळमळत नसेल तर शरीर काही शिकत नाही. शेवटी लहान पावलांनी वळण्याचा सराव, उजवीकडे आणि डावीकडे. पहिले काही दिवस यजमानांना शेजारी उभे करा. आठवड्यातून तीन दिवस हे सर्व करावे आणि मधल्या दिवशी चालावे.

व्यायामाने दुखले तर थांबावे का, हा प्रश्न आपल्याला पहिल्याच आठवड्यात पडेल. डेन्मार्कमध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवातासाठी चालवल्या जाणाऱ्या कार्यक्रमात वापरतात तो नियम मला योग्य वाटतो : शून्य ते दहा या मापावर पाचपर्यंतचे दुखणे चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी ते पूर्वीच्या पातळीवर आलेले असावे. तसे आले नाही तर वेळा कमी करा, व्यायाम बंद करू नका.

जमिनीवर बसण्याबद्दल डॉक्टरांनी सांगितले ते सध्या पाळा, कारण पूर्ण दुमडलेला गुडघा दुखऱ्या सांध्याला जड जातो. पण जमिनीवरून उठता येणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सोडून देऊ नये. अमेरिकेतील मेरी टिनेटी यांच्या १९९३ सालच्या अभ्यासात, पडूनही इजा न झालेल्या वृद्धांपैकी ४७ टक्के लोकांना मदतीशिवाय उठता आले नव्हते. आपलेही तसेच झाले, आणि मला वाटते आपल्या मनात भीती बसली ती पडण्यापेक्षा त्या असहाय मिनिटांची. ही क्रिया शिकता येते. प्रथम कुशीवर वळायचे, कोपरावर आणि मग तळव्यांवर भार घेऊन गुडघे-हातांवर यायचे, रांगत पलंगापर्यंत किंवा जड खुर्चीपर्यंत जायचे, दोन्ही हात तिच्यावर ठेवून बऱ्या पायाचे पाऊल पुढे टेकवायचे आणि त्यावर जोर देऊन उठून वळून बसायचे. गुडघ्यांखाली जाड गोधडी घाला आणि फिजिओथेरपिस्टच्या किंवा घरातील धडधाकट माणसाच्या देखरेखीखालीच याचा सराव करा. प्रत्यक्ष पडल्यावर मात्र खुबा दुखत असेल, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर उठण्याचा प्रयत्न न करता हाक मारावी.

काठीचा संकोच सोडून द्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून काठी डाव्या हातात धरा आणि काठी व उजवा पाय बरोबर पुढे टाका; दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी धरण्याची चूक फार लोक करतात. चप्पल घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगटाची रेघ जिथे येते तेवढीच काठीची उंची असावी. खालचे रबर गुळगुळीत झाले की बदला.

बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायरीची कड अस्पष्ट दिसते, आणि असे चष्मे वापरणारे वृद्ध जास्त पडतात असे ऑस्ट्रेलियातील संशोधनात आढळले आहे. उतरताना हनुवटी खाली घेऊन वरच्या काचेतून पायरी पाहावी. बाहेर फिरण्यासाठी केवळ लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करावा का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारा. नियमितपणे बाहेर पडणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, क्वचितच घराबाहेर जाणाऱ्यांचे मात्र अशा चष्म्याने घराबाहेर तोल जाऊन पडण्याचे अपघात वाढल्याचेही दिसले आहे.

ड जीवनसत्त्वाचे मोठे इंजेक्शन शेजारणीच्या सांगण्यावरून मुळीच घेऊ नका. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिटांची मात्रा तोंडावाटे दिली होती. ती घेणाऱ्या स्त्रिया कमी नव्हे, जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर योग्य मात्रा देतील.

घरातल्या बदलांची यादी मोठी करत नाही. चिऱ्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढायला माणूस लावा (मुलाने सुचवलेल्या बाईने हे काम आधी करावे, आपले चालणे-फिरणे आपल्याकडेच राहू द्यावे), न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवा, रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा असू द्या, आणि जमिनीला लागणारी गाऊनची कड वर टाचून घ्या. पायात मागे पट्टा असलेली चप्पल असावी. कठड्याचे आणि दांड्याचे काम गणपतीला मुलगा येईपर्यंत थांबवू नका. त्याने मुंबईहून पैसे पाठवावेत आणि गावातल्या माणसाकडून या आठवड्यातच करून घ्यावे.

गुडघा एकाएकी सुजला, गरम लागला, अडकून बसला किंवा ताप आला, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढत गेला, अथवा पुन्हा पडलात, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. एरवी तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टला एकदा भेटून वरचे व्यायाम त्यांच्यासमोर करून दाखवा आणि बारा आठवड्यांनी खुर्चीची मोजणी पुन्हा करा. आकडा तेवढाच राहिला असेल तर व्यायाम आपल्याला सोपा पडू लागला आहे असे समजून तो त्यांच्याकडून अवघड करून घ्या.